सूर्यास्ताआधीची जपानी पंगत

माझं काम बोलण्याचं नाही, लिहिण्याचं आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांचा ओतकामाचा कारखाना आहे. तिथे तयार होणारे पंपाचे भाग एक जपानी कंपनी घेते. तिकडून ई-मेल जपानीत येतात, इकडून उत्तरं जपानीत जातात आणि मध्ये मी बसते. अण्णा सांगतात, "त्यास्नी म्हणावं, सारखं विचारून डोस्कं खाऊ नका, माल मंगळवारी निघतोय." मी लिहिते, "आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. माल मंगळवारी रवाना होईल." दोन वर्षं हे चाललं आहे. अण्णांना वाटतं जपानी माणसं फार समजूतदार, आणि जपान्यांना वाटतं अण्णा फार मृदू बोलतात.

त्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमंत्रण आलं. जपानहून एक वादक बाई, त्यांची नर्तिका शिष्या आणि एक आचारी आले होते. माल पुरवणाऱ्या कारखानदारांसाठी साताऱ्याजवळ, यवतेश्वरच्या घाटात एका हॉटेलात कला आणि भोजनाची एक संध्याकाळ ठरली होती. अण्णा आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, यांना बोलावणं होतं; दुभाषी म्हणून मीही जाणार होते. शेवटच्या ओळीत विचारलं होतं, खाण्यापिण्याचं काही पथ्य असल्यास कृपया कळवा.

अण्णा जैन आहेत. ते म्हणाले, "लिही. आमी शाकाहारी. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, जमिनीखालचं काय बी चालत न्हाई. आणि सूर्य मावळल्यावर तोंडात पाणी बी घालत न्हाई."

मी पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या. तिसरी लिहिली नाही. पाहुण्याने यजमानाला काय शिजवा हे सांगायचं, वर कधी वाढा हेही सांगायचं, ते मला फार वाटलं. कार्यक्रम साडेचारचा आहे, तेव्हा जेवण उजेडातच होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शनिवार सकाळ, आष्टा

अण्णांची गाडी मला घ्यायला आष्ट्याच्या स्टँडवर नऊला येणार होती. माझे बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे आम्ही पावणेनऊलाच हजर होतो. बाबांच्या बदल्यांबरोबर माझी शाळा पाच छावण्यांत झाली, सगळी इंग्रजी माध्यमात. दर दोन वर्षांनी नवा वर्ग. नव्या वर्गात गप्प बसलं की कुणी त्रास देत नाही हे मी लवकर शिकले आणि मग ते विसरायचं राहून गेलं.

"आज बोलावं लागेल," बाबा म्हणाले.

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती शब्द?" त्यांनी विचारलं. मी रस्त्याकडे बघू लागले. ते हसले.

गाडी शिवाप्पा चालवत होते. ते जतकडचे, घरात कन्नड बोलणारे. माझ्याशी मराठी बोलताना प्रत्येक वाक्य शेवटी जरा उचलतात, त्यामुळे साधी माहितीसुद्धा प्रश्नासारखी वाटते. मागे काकूंनी माझ्यासाठी जागा केली. त्यांच्या मांडीवर तीन मजली डबा होता.

"तिथं जेवण आहे ना, काकू?" मी विचारलं.

"असू दे की. परक्या घरी जाताना पोट रिकामं न्यायचं नसतंय," काकू म्हणाल्या. कराड ओलांडल्यावर एका आंब्याखाली गाडी थांबली आणि डबा उघडला. दशम्या, मुगाची उसळ, कच्च्या केळ्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत लसूण नव्हता हे मला तिसऱ्या घासाला कळलं. शिवाप्पा दशमीची सुरळी करून उभ्याउभ्याच खात होते.

"जपानी काय खातेत?" त्यांनी विचारलं.

"मासे जास्त," मी म्हणाले.

"मग आज त्येंचं कसं व्हायचं?" शिवाप्पांना जपान्यांचीच काळजी वाटत होती.

"आपल्या पोरीनं सगळं कळवलंय," अण्णा म्हणाले. मी चटणी वाढून घेतली.

शनिवार दुपार, यवतेश्वर

साताऱ्यातून वर चढताना अजिंक्यतारा आधी डोक्यावर दिसतो, मग समोर येतो आणि शेवटी खाली राहतो. पावसाळा संपला होता तरी डोंगर हिरवे होते. हॉटेलचा दिवाणखाना पश्चिमेकडे उघडत होता. फर्निचर काढून जमिनीवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या, आणि प्रत्येक पाहुण्यापुढे एक बुटकं लाकडी मेज होतं. एकूण पंधराएक माणसं. दाराशी बूट काढायचे होते. आपल्याकडे चपला कशाही सुटतात. इथे कंपनीचे हिराता-सान स्वतः वाकून प्रत्येक जोडीचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवून ठेवत होते, म्हणजे जाताना पाय सरळ आत जावेत.

"आवं, ते तुमच्या चपला हातानं लावायलेत!" काकू अण्णांना म्हणाल्या. अण्णा घाईघाईने खाली वाकले, हिराता-सानही वाकले आणि दोघांची डोकी थोडक्यात वाचली.

वादक चियो-सान सत्तरीच्या पुढच्या होत्या. राखाडी किमोनो, पांढरे केस, आणि मांडीवर तीन तारांचं शामिसेन. ते वाजवायची पट्टी आपल्या उलथन्याएवढी होती. त्या तार जुळवत होत्या. काकू सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसल्या. काकूंचं माहेर मिरजेचं. शेजारी तंबोरे करणाऱ्यांची घरं, त्यामुळे त्यांचं लहानपण लाकडाच्या भुश्यात आणि सुरात गेलेलं.

"ह्याच्या खालच्या तारंला जवारी हाय," काकू म्हणाल्या. "झणझणतीय बघ. मुद्दाम तशी लावलीय. सांग त्यास्नी, आमच्या मिरजंत तंबोऱ्याला असंच करत्यात."

मी ते हळू आवाजात जपानीत सांगितलं. दोन वर्षांत जपानी माणसासमोर मी तोंडाने बोललेलं ते पहिलंच वाक्य. चियो-सान थांबल्या. त्यांनी ती तार पुन्हा छेडली आणि काकूंकडे बघितलं. मग वाद्य पुढे करून त्यांनी काकूंचं बोट त्या तारेवर ठेवलं. दोघी बराच वेळ एकच तार ऐकत बसल्या. त्यात माझी गरज उरली नव्हती.

म्हणून मी मेजावरची कार्यक्रमपत्रिका उचलली. साडेचार, स्वागत. सव्वापाच, वादन आणि नृत्य. पावणेसात, भोजन.

मी ती दोनदा वाचली. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळणार होता.

पाच वाजायला वीस मिनिटं

पहिला विचार असा आला की काही बोलायचंच नाही. अण्णा जेवणार नाहीत, नुसते हात जोडून बसतील. ते मोठ्या मनाचे आहेत, समजून घेतील. पण मग स्वयंपाकघराच्या दारातून मला आतलं दिसलं. ओकुबो-सान नावाचे ते आचारी, साठीचे, टक्कल, तोंडावर एकही भाव नाही. त्यांच्यापुढे दोन तबकं वेगळी मांडली होती आणि त्यांवर चिठ्ठ्या होत्या. हिराता-साननी मला कौतुकाने सांगितलं की आमचा ई-मेल वाचून ओकुबो-साननी या दोघांसाठी सगळा बेत नव्याने ठरवला. तिळाची वडी ते एका मुळाच्या पिठाने बांधतात, ती त्यांनी तांदळाच्या पिठावर आणली. तीन वेळा फसली. माशाच्या रश्शाऐवजी समुद्रातल्या पाल्याचं पाणी रात्रभर ठेवलं. सकाळी साताऱ्याच्या बाजारातून स्वतः घेवडा निवडून आणला.

ती दोन तबकं तशीच परत जाणार होती. ओकुबो-सान काय समजले असते? आणि अण्णा? त्यांनी तर मला सांगितलं होतं.

मी बाहेर गाडीपाशी गेले. शिवाप्पा काच पुसत होते. कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि त्यांचीच मला सगळ्यांत कमी भीती वाटत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे अण्णांनी सांगितलेलं तुमी लिवलंच न्हाई?"

"नाही."

"का?"

"उद्धट वाटलं असतं."

"आणि आता उपाशी बसतील ते कसं वाटतंय?" शिवाप्पांनी फडकं पिळलं. "ताई, इंग्लिश शाळंत बोलायला शिकवतेत म्हणं. मग जाऊन बोला की. काचंला सांगून काय हुतंय?"

मी हिराता-सानकडे गेले. जेवण सूर्यास्ताआधी होऊ शकेल का, असं विचारलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "ते थोडं कठीण आहे." ई-मेलमध्ये हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं आहे. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो, आणि ते वाचलं की मी आभार मानून विषय बंद करते.

या वेळी मी तिथेच उभी राहिले. मी म्हणाले, "ही विनंती नाही. हा त्यांचा नियम आहे, आणि तो त्यांनी मला वेळेवर सांगितला होता. मी तो तुम्हाला कळवला नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही." माझ्या क्रियापदांची रूपं चुकत होती.

हिराता-सान मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. ओकुबो-साननी सुरी खाली ठेवून ऐकलं.

"सूर्यास्त किती वाजता?"

"सव्वासहाच्या सुमारास."

"सुमारास नको. किती वाजता?"

त्यासाठी अण्णांकडेच जायला हवं होतं. त्यांच्या खिशात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेलं छोटं पंचांग असतं. मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि सगळं सांगितलं.

"मी सांगितलेलं लिवलं न्हाईस?"

"नाही, अण्णा. मला वाटलं, ते रागावतील."

"आणि मी रागावलो असतो ते चाललं असतं व्हय?"

मी मान खाली घातली. काकू म्हणाल्या, "आवं, गप बसा की. पोरगी रडंल." मी रडणार नव्हते, पण तसं म्हणालेही नाही.

"आता सांगितलंस न्हवं त्यास्नी? मी म्हणालो तसंच?"

"हो."

"मग झालं तर." त्यांनी पंचांग काढून चष्मा चढवला. "सहा वाजून सोळा मिनिटं. सोळा म्हणजे सोळा, सांग."

मी ते परत जाऊन सांगितलं. ओकुबो-साननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आठ पदार्थ होते, आणि हिराता-सान म्हणत होते की वादन आधी हे ठरलेलं आहे, इतर पाहुण्यांना काय सांगायचं. तेवढ्यात दारात चियो-सान येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हे सगळं ऐकलं असावं.

"मी शिकले त्या घरात पाहुणे जेवायचे आणि आम्ही वाजवायचो," त्या म्हणाल्या. "वेगळं वेगळं करायची पद्धत नाटकगृहांनी आणली. मी वाजवते. तुम्ही वाढा. नाच दिवे लागल्यावर होईल." आणि मला म्हणाल्या, "ज्यांना तार ऐकू येते त्या बाईंना मी उपाशी बसवणार नाही."

सहा सोळाच्या आत

सव्वापाचला पहिला पदार्थ आला. जपानी जेवणात ताट एकदम वाढत नाहीत. एका वेळी एकच पदार्थ येतो, तोही दोन-तीन घासांचा, आणि त्याच्यासाठी वेगळं भांडं असतं. मधला वेळ भांडं बघण्यासाठी असतो. आपल्या पंगतीत आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भात, आणि पान भरलं की माणूस निश्चिंत होतो. अण्णा तिळाची वडी संपवून निश्चिंत व्हायची वाट बघत होते.

"भात कवा येतोय?" त्यांनी मला विचारलं.

"शेवटी, अण्णा. त्यांच्यात भात शेवटी असतो."

"शेवटी? मग हे सगळं कशाबरोबर खायाचं?"

दुसरं आलं ते वाटीभर पारदर्शक सार. त्यात दोडक्याच्या तीन चकत्या आणि एक काळपट पान. अण्णांनी पान बोटाने बाजूला केलं. "हे कशाचं?"

"समुद्रातल्या पाल्याचं."

"मुळं असत्यात काय त्याला?"

ओकुबो-सान समोरच होते. मी विचारलं. त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. मुळं नसतात, ते म्हणाले, तो खडकाला नुसता धरून असतो, अन्न पानांनीच घेतो. मी सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि सार एका दमात प्यायले.

शामिसेन चालू होतं. आधी एकेक सूर सुटा येत होता आणि मध्ये शांतता ठेवलेली होती. आमच्याकडे ढोलकी सुरू झाली की मधली जागा भरूनच टाकते. इथे ती रिकामी सोडतात आणि ऐकणाऱ्याने त्यात बसायचं. काकूंनी डोळे मिटले होते. तळलेलं कारलं त्यांनी डोळे मिटूनच खाल्लं. गोड शिजवलेल्या घेवड्याला मात्र त्यांनी डोळे उघडले. "आपलाच घेवडा हाय की गं! साखर घालून काय रूप केलंय त्याचं!"

सहाला पाच मिनिटं असताना सहावा पदार्थ आला आणि सूर्य समोरच्या डोंगराआड गेला. दिवाणखान्यात एकदम सावली झाली. चियो-सानचा हात थांबला. हिराता-सान उभे राहिले. ओकुबो-सान स्वयंपाकघरातून बाहेर आले, त्यांनी डोंगराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी चुकीची वेळ सांगितली असं त्यांना वाटलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अण्णांना विचारलं.

"डोंगराआड गेला म्हणजे मावळला न्हवं," अण्णा मोठ्याने म्हणाले. "डोंगर त्याच्या जागी हाय, सूर्य त्याच्या जागी हाय. पंचांगात अजून एकवीस मिनिटं हाईत. वाढा म्हणावं!"

मी ते मोठ्याने सांगितलं. पूर्ण, डोंगरासकट. कुणीतरी हसलं, चियो-साननी पट्टी तारेवर मारली आणि आता सूर सुटे राहिले नाहीत. त्या चढवत गेल्या. सातवा पदार्थ जवळजवळ पळत आला. इतर पाहुणेही आपापलं खायचं सोडून आमच्या मेजाकडे बघू लागले होते. शिवाप्पा दारात येऊन उभे होते आणि मनगटावरचं घड्याळ बघून मिनिटं बोटांनी दाखवत होते.

भात सहा वाजून नऊ मिनिटांनी आला. छोटी वाटी, वर काकडीचं लोणचं.

"वरण?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"काय गं हा देश," ते म्हणाले, काड्या बाजूला ठेवल्या आणि हाताने जेवू लागले. ओकुबो-सान ते टक लावून बघत होते. वाटीत एक शीत उरलं नाही. काकू "पाणी, पाणी" म्हणाल्या, दोघं ते पोटभर प्यायली आणि दोघांनी चूळ भरली. शिवाप्पांनी दारातून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं शिल्लक होती.

शामिसेन थांबलं. अण्णांनी हात जोडले.

आणि तेव्हा ओकुबो-सान स्वतः दोन मोठ्या वाट्या घेऊन आले. घुसळलेला हिरवा चहा. जेवण त्याशिवाय पुरं होत नाही. ते येऊन गुडघ्यांवर बसले, वाटी समोर ठेवली, तिची चांगली बाजू अण्णांकडे वळवली. घड्याळात सहा सतरा झाले होते.

अण्णांनी वाटीला नमस्कार केला. मी सांगितलं, "वेळ संपली. ते आता घेणार नाहीत." एवढंच. आधीमागे काही लावलं नाही. ओकुबो-सान वाकले, वाट्या उचलल्या, आणि उठता उठता मला एक प्रश्न विचारला. मी पंचांगात बघून उत्तर दिलं.

दिवे लागल्यावर नाच झाला. त्या शिष्येच्या हातात फक्त एक पंखा होता. तो आधी छत्री झाला, मग पडणारा बर्फ, मग कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचा आरसा. पाऊल उचलायला ती एवढा वेळ घेत होती की आपणच पाय धरून बसावं. संपल्यावर कुणी हललं नाही. त्या शांततेत दारातून शिवाप्पांचा आवाज आला, "व्वा!" सगळे वळले. शिवाप्पा गाडीकडे गेले. चियो-सान तोंडावर बाही धरून हसत होत्या.

रविवार, सूर्योदय

ओकुबो-साननी विचारलं होतं, उद्या सूर्य किती वाजता उगवतो.

रात्री मुक्काम तिथेच होता, आणि सहा अठ्ठावीसला आम्ही हॉटेलच्या गच्चीवर होतो. खाली साताऱ्यावर धुकं होतं आणि अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर आला होता. ओकुबो-सान आधीच येऊन बसले होते. चटई, किटली, दोन वाट्या, बांबूची घुसळणी. सात वाजता त्यांची गाडी पुण्याला निघायची होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पूर्वेकडे बघून हात जोडले, डोळे मिटून काही म्हटलं, आणि मान हलवली. मग ओकुबो-साननी चहा घुसळायला घेतला.

अण्णांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि मोठा घोट प्यायले. त्यांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत आवळला.

"अगं आई गं. लय कडू हाय गं. लिंबाचा पाला वाटून दिल्यागत."

ओकुबो-सान पुढे वाकले. "काय म्हणाले?"

माझ्याजवळ तयार वाक्य होतं. चव अतिशय सखोल आहे, असं. दोन वर्षांत मी अशी शेकडो लिहिली आहेत.

"फार कडू आहे म्हणतात," मी म्हणाले. "कडुनिंबाचा पाला वाटून दिल्यासारखा."

काकूंनी डोक्याला हात लावला. ओकुबो-साननी घुसळणी खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि ते मोठ्याने हसले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच. हसता हसता त्यांनी मला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतात, चाळीस वर्षं चहा देतोय, खरं सांगणारा पहिलाच माणूस भेटला."

अण्णांनी वाटीकडे बघितलं, उरलेला चहा एका दमात संपवला, तोंड पुन्हा वाकडं केलं आणि रिकामी वाटी ओकुबो-सानपुढे धरली.

"आणिक घाला म्हणावं."